जिजाबाईंची उशी

"आज किती?" विनिताने नेहमीच्या सवयीने विचारलं.

"लिवा तुमाना काय लिवाचा त्या," जिजाबाई म्हणाल्या आणि हसल्या.

विनिताने मान वर करून पाहिलं. दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा, हा तिच्या खोलीतला रिवाज होता. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसण्यापलीकडे. जिजाबाई गेलं वर्षभर एकच आकडा सांगत आल्या होत्या, नऊ. गोळी बदलली तरी नऊ, पाठीत इंजेक्शन दिलं तरी नऊ. "एकदा तरी आठ म्हणा हो, मलाही बरं वाटेल," असं विनिताने मध्यंतरी चिडवलं होतं. "नाहीतर दहा तरी म्हणा." त्यावर, हिला एवढंही कळत नाही, अशा नजरेने तिच्याकडे बघत जिजाबाई म्हणाल्या होत्या, "धा जाताना सांगाचे, बाय. आथाच सांगून टाकले तं मंग काय सांगू?"

आज आकडाच नव्हता. शिवाय जिजाबाई चक्क खुर्चीत बसल्या होत्या. एरवी त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहत, बोलता बोलता एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. आज केसांत अबोलीचा वळेसर होता, पदर नीट होता, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

विनिताला मनापासून आनंद झाला. तिची वर्षभराची खटपट याचसाठी तर होती. दुखणं जाणार नाही, हे तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. शेताच्या बांधावरून भाताचा भारा घेऊन पडल्यावर मोडलेली ती पाठ, त्यावर झालेलं ऑपरेशन, त्यातून पायात उतरलेली ती ठणक, हे सगळं आता मुक्कामालाच होतं. पण माणसाने चोवीस तास त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचं कारण नव्हतं. आकडा सुटला म्हणजे बघणं सुटलं, असा विनिताने हिशेब केला आणि फॉर्मवरची ती चौकट रिकामी ठेवली.

"संजनाला सगले धवले देऊन झाले," जिजाबाई म्हणाल्या. "आज पुतण्याच्या पोरीचा मांडव हाय. तेजस्वीचा. संजनाच बसंल म्होरं."

"आणि तुम्ही?"

"मी बगीन."

जिजाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो आणि तो गाणारी बाई पाटावर बसल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. कामणपासून खाडीपर्यंतच्या गावांतली निम्मी लग्नं जिजाबाईंच्या गळ्यातून लागली होती. पाठ मोडल्यावर त्यांना पाटावर बसवेना. मग विनिताने त्यांना दवाखान्यातली एक जाड, मधे खोलगट उशी वापरायला दिली, थांबत थांबत बसायला शिकवलं. "गाणं सोडू नका, वाटून घ्या," असंही तिनेच सांगितलं होतं. ते एवढं छान पार पडलं, याचा तिला अभिमान वाटला. अशा नोकरीत अभिमान वाटायचे दिवस थोडेच येतात.

निघताना जिजाबाईंनी पिशवीतून ती उशी काढली. धुऊन, उन्हात वाळवून, नवी खोळ घालून आणली होती. सोबत स्वतःच्या शेतातल्या तांदळाची पुडी. त्यांनी विनिताच्या गालावरून हात फिरवला आणि तीच बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"लय केलास माझ्यासाठी, बाय. सुखी ऱ्हा."

दारात सून संजना उभी होती, हातात लग्नघरच्या फुलांचा गठ्ठा. तिने सासूला आधार द्यायला हात पुढे केला. जिजाबाईंनी तो धरला नाही, नुसता थोपटला आणि दोघी रिक्षाकडे गेल्या.

*

विनिता विरारला बोळिंजला राहायची आणि वसई पूर्वेच्या एका खासगी रुग्णालयात वेदना-विभागात काम करायची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे शब्द दारावरच्या पाटीवर इंग्रजीत होते, म्हणून चालून जात होते. मराठीत मानसशास्त्रज्ञ असं लिहिलं तेव्हा महिनाभर कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं. ज्याची कंबर दुखते त्याला मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं की तो आधी रागावतो. म्हणजे मी नाटक करतो असं म्हणायचंय का तुम्हाला? तिचे पहिले दोन-तीन तास प्रत्येक पेशंटबरोबर याच भांडणात जायचे. विनिताला त्या रागाचा राग येत नसे. कुणाचंच दुखणं दुसऱ्याला दिसत नाही, आणि वर्षानुवर्षं ते पटवून देत बसायचं म्हणजे माणूस वैतागणारच.

जिजाबाईंच्या घरचे तर मोठ्या संकोचाने आले होते. गावात 'डोक्याची बाई' म्हणून विनिताचा उल्लेख व्हायचा. मुलगा सुरज आईला गुपचूप आणायचा, विचारलं तर रक्त तपासायला चाललोय असं सांगायचा. हळूहळू तो संकोच गेला. मग एकदा विनिताने सगळ्या घराला समोर बसवून सांगितलं की आईंना एका दमात सगळं उरकायची सवय आहे, ती मोडा. कामं वाटून घ्या. घर ऐकणारं होतं. त्यांनी फार मन लावून ऐकलं.

जिजाबाई गेल्यावर प्रल्हाद आला. वालीवच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर असायचा. उजवा हात चिरडल्याला दोन वर्षं झाली, जखम केव्हाच भरली, पण हात पेटल्यासारखा जळायचा. तो बायकोवर चिडतो आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडतो, हे त्याने आज पहिल्यांदाच सांगायला सुरुवात केली होती. तेवढ्यात सालोमीने दार ढकललं. सालोमी बाहेर नावनोंदणीला बसायची, जवळच्याच गावातली, जिजाबाईंच्या घराशी तिचं येणंजाणं होतं.

"सॉरी मॅडम. ही उशी बाकावर राहिली. जिजाबाय विसरल्या काय?"

"नाही, परत केली त्यांनी. आत ठेव."

"परत?" सालोमीने उशी उलटसुलट केली. "आज तर मांडव आहे त्यांच्याकडे. मलापण बोलवलंय. संध्याकाळपर्यंत पाटावर बसायचं, आणि उशी आजच परत? उद्या नसती दिली?"

तिने उशी कपाटावर ठेवली आणि दार लावून गेली.

प्रल्हाद बोलत होता. विनिता त्याच्याकडे बघत होती, माना डोलवत होती. पण मनात एकेक गोष्ट येऊन बसायला लागली. ज्याला उद्या दुखणार आहे, तो उशी परत करत नाही. गाणं देऊन झालं. आकडा सांगितला नाही. आयुष्यभराचा ताण असलेला चेहरा एका सकाळी असा मोकळा होतो, तो दोन कारणांनी. एक तर माणूस बरा होतो. दुसरं कारण तिला शिकवलेलं होतं, तिने स्वतः नव्या मुलींना शिकवलेलं होतं. ठरवून झालेलं असतं, म्हणून शांत वाटतं.

आणि तिने विचारलं नव्हतं. मरणाचा विचार मनात येतो का, हे ती एरवी प्रत्येकाला विचारायची. आज आनंदात राहून गेलं.

"मॅडम, तुमचं लक्ष नाही," प्रल्हाद म्हणाला.

"नाही," विनिता म्हणाली. खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. "प्रल्हाद, तुम्ही आज जे बोललात ते बोलायला फार धीर लागतो, आणि मी अर्धंच ऐकलं. मला एका पेशंटची काळजी वाटतेय. उद्या तुम्हाला पूर्ण वेळ देते. चालेल?"

तो उठला. "जा तुम्ही," एवढंच म्हणाला.

संजनाचा फोन वाजून वाजून थांबला. सुरजचा लागला, पण मागे स्पीकरचा दणदणाट होता.

"मॅडम? हां, बोला. आई? एकदम मस्त आहे. सकाळी सगळ्यांच्या घरी जाऊन भेटून आली. काय? आवाज येत नाय. नंतर करतो."

सगळ्यांच्या घरी जाऊन भेटून आली. विनिता तशीच उठली.

वेदना-विभागाचे प्रमुख डॉक्टर धनेश दोन पेशंटच्या मधे चहा घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं. "अहो, बाई वर्षात पहिल्यांदा हसल्या आणि तुम्ही घाबरलात?"

"हसल्या म्हणूनच घाबरले, सर."

"तिथे लग्नघर आहे, विनिता. भरल्या मांडवात जाऊन असलं काही विचाराल, आणि काही नसलंच तर? ते घर पुन्हा आपली पायरी चढणार नाही."

हे तिलाही कळत होतं. गेली आणि चूक ठरली, तर एक घर तुटेल. गेलीच नाही आणि तीच चूक ठरली, तर त्यापुढचा विचार तिला करवेना. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"जा. काही नसलं तर मी तुम्हाला आठवडाभर हसेन. तेवढं सोसा."

*

सालोमीने स्कूटर काढली. निघता निघता विनिताने कपाटावरची उशी उचलली. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं.

कामणच्या रस्त्यावर गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग लागली होती. एकही चाक हलत नव्हतं. सालोमीने स्कूटर कडेच्या मातीत घातली, खड्डे चुकवत, कंटेनरच्या चाकांना चाटून पुढे काढली. धुळीने दोघींचे डोळे झोंबायला लागले. एका ठिकाणी ट्रेलर आडवा झाला होता, तिथे उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. विनिता पुन्हा पुन्हा संजनाचा नंबर लावत होती.

"ती गातेय मॅडम. मोबाईल पिशवीत असणार," सालोमी म्हणाली. मग थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाली, "असं काय करतील त्या? देवधर्म करणारी बाई आहे."

हा प्रश्न लोक नेहमी विचारतात आणि नेहमी नंतर विचारतात. विनिता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. बंद खोलीत तिने मरणाच्या विचाराबद्दलचा तो प्रश्न शेकडो जणांना विचारला होता, न अडखळता. पण तिथे टेबल असतं, पंखा असतो, पाणी असतं, आणि पेशंट आपल्या पायांनी आलेला असतो.

ट्रेलर सरकला. सालोमी "देवा, सांभाळ" म्हणाली आणि तिने फटीतून स्कूटर घुसवली.

खाडीच्या अंगाला वसलेल्या त्या गावात शिरताच स्पीकरवरून संजनाचा आवाज यायला लागला. एकसुरी, संथ, जात्याच्या घरघरीसारखा. मांडवाच्या तोंडाशी सुरज नवीन शर्ट घालून उभा होता.

"मॅडम, तुम्ही? या या. आता जेवूनच जायचं."

"आई कुठे आहेत?"

"घरी. जरा पडते म्हणाली. बोलली, कोणी येऊ नका, झोपू दे. तुम्हीच बोलला होता ना, आराम पाहिजे."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच गेली." सुरजचं हसू ओसरलं. "का? काय झालं?"

"चला माझ्याबरोबर. ओटीवर थांबा. मी हाक मारली की लगेच आत या."

त्याने आणखी काही विचारलं नाही. घर मांडवापासून चार घरं सोडून होतं. पुढचं दार आतून लावलेलं होतं. विनिता घराला वळसा घालून मागे गेली. जाताना तिला पळता येत नव्हतं, कारण काय दिसेल याची तिला भीती वाटत होती.

जिजाबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर कापणी झालेली शेतं, त्यांच्यापलीकडे खाडीचं पाणी. अंगावर नवंकोरं लुगडं. एका बाजूला पाण्याचा तांब्या, झाकलेला. मांडीवर पानाचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला, बंद.

गोळ्या असल्या तर त्यातच असणार. डबा बंद आहे, हे दिसलं तेव्हा विनिताने श्वास सोडला.

"कशी आलीस, बाय?" जिजाबाईंनी विचारलं. त्यांना फारसं नवल वाटल्याचं दिसलं नाही. "जेवलीस?"

विनिता त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. जुळवलेली वाक्यं सगळी विसरली.

"जिजाबाई, तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?"

मांडवातला धवला वाऱ्याबरोबर लांब गेला आणि परत आला. जिजाबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

"कोनी सांगितला?"

"कुणी नाही. तुम्ही उशी परत केलीत."

जिजाबाईंनी मान हलवली, चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हलवतं तशी.

"दुखन्याचा नाय वं. दुखना मना पाठ झालाय. तू शिकवलास तसा त्याच्यासंगती बसतंय, उठतंय." त्यांचा अंगठा डब्याच्या कडेवरून फिरत होता. "पन तू घरच्यांना बोललीस ना, कामं वाटून घ्या. पयला पानी भरना गेला. मंग चूल गेली. सूप हातात घेतला का कोनतरी येऊन काढून घेतं. आई, तुमी बसा. चांगली हायत गं पोरं, वाईट कोनी नाय. पन बसून बसून मी माझ्याच घरात पावनी झालंय. पावन्यानं किती दीस ऱ्हावाचा? एक धवला व्हता माझा. तोपन देऊन टाकला. आथा कोनाचा काय आडत नाय."

विनिताला आपल्या आवाजातलं ते वाक्य आठवलं. कामं वाटून घ्या. किती आत्मविश्वासाने सांगितलं होतं. आणि या प्रेमळ घराने एक काडीसुद्धा म्हातारीसाठी मागे ठेवली नव्हती.

"मी थोडं थोडं करायचं म्हणाले होते. थांबत थांबत, पण करायचं," ती म्हणाली. "ते मी नीट पोचवलं नाही. ही माझी चूक आहे, जिजाबाई, तुमच्या पोरांची नाही. मी ती दुरुस्त करणार आहे. पण त्याला तुम्ही असायला पाहिजे."

विनिताने हात पुढे केला.

"डबा माझ्याकडे द्या."

"नाय."

"मी मागत राहीन. इथून उठणार नाही."

"बस मंग," जिजाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच विनिताला भीतीदायक वाटलं. राग असता तर धरायला काहीतरी असतं.

दोघी बसून राहिल्या. मांडवात आता आवतणाचा धवला सुरू झाला होता. आधी देवांना लग्नाला बोलवायचं, मग गावाला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. संजनाचा आवाज स्पष्ट येत होता. तिने तेजस्वीच्या पणज्याला बोलावलं, पणजीला बोलावलं, आजोबांना बोलावलं. मग थांबली. स्पीकर नुसता घूं करत राहिला. तिने आजोबांची ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली.

जिजाबाईंचा अंगठा डब्यावर थांबला होता.

"काय झालं?" विनिताने विचारलं.

"यसू," जिजाबाई म्हणाल्या.

यसू म्हणजे त्यांची जाऊ, तेजस्वीची आजी. चाळीस वर्षं दोघी जोडीने धवले म्हणायच्या, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलायची. तीन पावसाळ्यांमागे यसू गेली आणि त्यानंतर त्या घरात आजवर मांडव पडलाच नव्हता. गेलेल्यांमध्ये यसूचं नाव घ्यायची वेळ आजच पहिल्यांदा आली होती.

"शिकवताना मी तिथं आली का गला धरायचा माझा," जिजाबाई सांगू लागल्या. "ती ओल मी सोडून द्यायची. बोलली, बगंल संजना काय त्या. तिना काय म्हाईत, कनच्या जागी घ्याचा, कसा घ्याचा? मी दिलाच नाय तिला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर चढला. "नातीचा मांडव, आनि आजीला आवतन नाय. दाराशी उभी ऱ्हायली आसंल ती."

स्पीकरवर संजना तिसऱ्यांदा तीच ओळ म्हणत होती. आता तिच्या आवाजात रडू मिसळलं होतं. विनिताला बोलावंसं वाटत होतं आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. या क्षणी तिचा एकही शब्द उपयोगाचा नव्हता, हे कळण्याइतकी वर्षं तिने या कामात काढली होती.

जिजाबाईंनी हात पुढे केला. "मना उठव."

"आधी डबा," विनिता म्हणाली.

जिजाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. आता मात्र त्या नजरेत संताप होता, चांगला रसरशीत. त्यांनी डबा तिच्या मांडीवर जवळजवळ आपटला. आत गोळ्यांचा खडखडाट झाला. विनिताने तो पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि मग दोन्ही हातांनी त्यांना उठवलं.

ओटीवर सुरज उभा होता. विनिताने त्याला जिजाबाईंसमोरच सांगितलं, "सुरज, आईंच्या मनात जीव द्यायचं आलं होतं. आज त्यांना क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. उद्या सकाळी घेऊन या, मी आणि डॉक्टर दोघं थांबतो."

"त्याना कया सांगतंस?" जिजाबाई कडाडल्या.

"सांगावं लागतं. तुमच्या पाठीमागे सांगणार नव्हते, म्हणून समोर सांगितलं."

सुरज पुढे धावला आणि त्याने आईचा दंड धरला. "आई, तू बस. मी संजनाला थांबवतो, मी..."

"सोड. बसून बसून तं ही गत झाली."

"धरू नका," विनिता त्याला म्हणाली. "नुसतं बरोबर चाला."

तो बरोबर चालला. हात पुढे येत होते, तो मागे घेत होता, डोळे पुसत होता. जिजाबाई शिकवल्याप्रमाणे चालल्या. दोन घरं गेली की थांबायचं, भिंतीला टेकायचं, श्वास सोडायचा, पुन्हा निघायचं. एका थांब्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि ओठ चावला, तेव्हा सुरज विनिताकडे बघत राहिला. तिने मानेनेच नाही म्हटलं.

मांडवात बायकांची कुजबुज चालली होती. हळद लावायला बसलेली तेजस्वी गोंधळून इकडेतिकडे बघत होती. पाटावर संजना मान खाली घालून बसली होती. सासूला बघताच ती उठायला लागली.

"बस तू. सरक जराशी."

सालोमी गर्दीतून पुढे आली आणि तिने स्कूटरवर राहिलेली उशी पाटावर ठेवली. जिजाबाईंनी उशीकडे पाहिलं, सालोमीकडे पाहिलं, विनिताकडे पाहिलं. मग बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं ते माइकमध्ये गेलं आणि सगळ्या गावाने ऐकलं.

त्यांनी संजनाच्या मांडीवर हात ठेवून ठेका धरला आणि यसूला बोलावलं. ये गं माझे जावे, तुझ्या नातीचा मांडव पडला, हळद तुझ्या हातची राहिली. आवाज जुना झाला होता, वर जाताना फाटत होता. दुसऱ्या ओळीत तो तुटला. पुढे उचलायला आता दुसरी कुणी नव्हती. मांडवात कुणी हललं नाही. जिजाबाईंनी दम घेतला आणि तुटला होता तिथूनच पुन्हा धरला. ओळ पुरी झाली तेव्हा तेजस्वीची आई पदराने तोंड झाकून रडत होती. जिजाबाईंनी बोटाने संजनाला खूण केली, आता तू म्हण. संजनाने तीच ओळ म्हटली. चुकली. जिजाबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली, ती पुन्हा म्हणाली.

विनिता त्यांच्या मागे, चटईवर बसली होती. पर्स तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. तिला माहीत होतं, आजची संध्याकाळ निभावली एवढंच. उद्या, परवा, पुढल्या आठवड्यात हे सगळं पुन्हा समोर येणार होतं. घराला पुन्हा समोर बसवायचं होतं आणि सूप, चूल, पाणी यांतलं काय काय जिजाबाईंना परत द्यायचं, ते एकेक ठरवायचं होतं. प्रल्हादला वेळ द्यायचा होता.

हळद लागायला सुरुवात झाली. जिजाबाईंचा एक हात कमरेवर गेला आणि तिथेच दाबून राहिला. मानेवर घाम आला होता. विनिता पुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "किती?"

जिजाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या संजनाच्या तोंडाकडे बघत होत्या, पुढचा शब्द तिला येतोय की नाही ते.

"नऊ," त्या म्हणाल्या. "गप बस आथा. तिना चुकवशील."